गोळी सोडताना अक्षरे का हलतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांवर एक लेख आला होता. गोळी एकाएकी बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा, असे त्यात बजावले होते आणि ते योग्यच होते. गोळी कमी करताना काय त्रास होऊ शकतो हेही सांगितले होते. झोप उडणे, छातीत धडधड, घाम, हात थरथरणे, चिडचिड. त्यात डोळ्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. मी तो परिच्छेद भिंग घेऊन दोनदा वाचला, म्हणून खात्रीने लिहिते आहे. राहून गेलेल्या त्या ओळीसाठी हे पत्र.

मी एकतीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. कादंबऱ्या, अहवाल, शाळेची पुस्तके, जे येईल ते. रफार सुटला, 'दिन'चा 'दीन' झाला, अवतरणचिन्ह उघडून बंद करायचे राहिले, की पान उलटण्याआधी ते डोळ्यांत खुपायचे. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागला तेवढेच, बाकी डोळ्यांनी कधी दगा दिला नव्हता. घरात एक मोठे आजारपण झाले, रात्र रात्र जागरणे झाली आणि ते माणूस बरे झाल्यावरही माझी झोप परत आली नाही. तेव्हा डॉक्टरांनी क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिली. काही आठवड्यांसाठी म्हणून सुरू झालेली गोळी पुढे एक मिलिग्रॅम झाली आणि सहा वर्षे चालली. मी एकदाही सांगितल्यापेक्षा जास्त घेतली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण 'गोळी सुटत नाही' म्हटले की लोक व्यसन समजतात. शरीराला एखाद्या औषधाची सवय होणे आणि व्यसन लागणे या वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी सांगितले तसेच औषध घेणाऱ्यालाही ही सवय होते.

पुढे मला शब्द आठवेनासे झाले. माझ्या कामात हे चालण्यासारखे नव्हते. गोळीमुळे होत असेल असे वाटून मी कुणालाही न विचारता एका रात्री ती बंद केली. पहिले दोन दिवस काहीच झाले नाही आणि मला वाटले, सुटली. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश उतरते, त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच साधारण तीस ते चाळीस तास लागतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टेबलावर एका अहवालाची प्रुफे होती. 'किंमत' या शब्दावरचा अनुस्वार मला दोन ठिपक्यांचा दिसला. मी काट मारायला लाल पेन टेकवले तर एकच ठिपका होता. पुढच्या ओळीत शिरोरेषा जागची हलत होती, पाण्याखालून बघावी तशी. मी डोळे चोळले, चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला. दिवा ओढल्याबरोबर त्या पांढऱ्या कागदाचा उजेड डोळ्यांत सुईसारखा शिरला आणि मला डोळे मिटून घ्यावे लागले. मिटल्या डोळ्यांपुढे दिव्याच्या शेडचा आकार कितीतरी वेळ हिरवट तरंगत राहिला. त्या रात्री भिंतीवर बारीक ठिपके सळसळताना दिसले. टीव्हीचे चॅनल गेले की पडद्यावर मुंग्या दिसतात ना, तशाच मुंग्या, अख्ख्या खोलीभर.

मला वाटले, आपली दृष्टी चालली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नीट तपासले. डोळ्यांतला दाब योग्य, मोतीबिंदू नाही, पडदा चांगला. "तुमच्या डोळ्यांना काहीही झालेले नाही," असे ते म्हणाले आणि मी रडले. आनंदाने नाही. मला जे दिसत होते ते मग काय होते? ज्यांनी गोळी दिली होती त्यांच्याकडे गेले, तर "डोळ्यांचे डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा" असे उत्तर मिळाले. चार आठवड्यांत मी या दोन दारांमध्ये पाच खेपा घातल्या. एका खेपेला तर मला सांगण्यात आले की मी फार विचार करते. संपादक महोदय, एकतीस वर्षे अक्षरे बघण्यात गेलेल्या बाईला अक्षर हलते की नाही हे कळते. पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी, किती वर्षे आणि कधी बंद केलीत?" हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता आणि मीही आपण होऊन सांगितले नव्हते, कारण गोळीचा आणि डोळ्यांचा संबंध असेल असे माझ्या मनातच आले नाही. त्यांनी समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते, ते मज्जापेशींची खळबळ शांत करते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे या गाबाचा परिणाम वाढवतात. वर्षानुवर्षे ही मदत मिळत राहिली की मेंदू आपली ठेवण त्याप्रमाणे बदलतो. मग मदत एकदम काढली की आवर घालणारे कुणी उरत नाही. आवाज मोठे वाटतात, कपड्यांचा स्पर्श टोचतो आणि उजेड सोसत नाही. डोळ्यांनी आणलेल्या खबरीचे चित्र मेंदू बनवतो, आणि चित्र बनवणारा तो भागही त्याच खळबळीत सापडतो. म्हणून तपासणीत डोळे निर्दोष निघतात आणि तरीही माणसाला जे दिसते ते खरेच तसे दिसत असते. एवढे एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी ऐकवले असते तर ते चार आठवडे मी आंधळी होण्याच्या भीतीत काढले नसते.

या तक्रारी नव्या नाहीत. या गटातले पहिले औषध १९६० साली बाजारात आले आणि डायझेपाम १९६३ मध्ये. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल इथे प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. अंधुक दिसणे, दोन दोन दिसणे, उजेड न सोसणे, डोळे कोरडे पडणे, हे सगळे त्यांच्या नोंदींत आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये या संपूर्ण गटाच्या माहितीपत्रकावर शरीराला होणारी सवय आणि सोडतानाचे धोके यांविषयी चौकटीतला इशारा छापायला लावला. म्हणजे माहिती आहे, पण ती गोळीबरोबर रुग्णाच्या हाती पडत नाही.

त्या बाईंनी मला आधी गोळी पुन्हा सुरू करायला लावली. मला हा पराभव वाटला. त्यांनी स्पष्ट सांगितले की ही गोळी अशी तडकाफडकी थांबवल्याने फिट येऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो, डोळ्यांवर निभावले हे नशीब. मग आम्ही एका वेळी ०.०६२५ मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा तुकडा, असे कमी करत गेलो. दर चार आठवड्यांनी एक पायरी. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांतही दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के अशीच सुरुवात सुचवली आहे आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कपात सहसा करू नये असे म्हटले आहे. आकडे सांगितले म्हणून कुणी घरीच गोळीचे तुकडे पाडायला बसू नये. माझी पायरी माझ्यासाठी ठरवली होती.

एक हिशेब मात्र सर्वांनी समजून घ्यावा असा आहे. एक मिलिग्रॅममधून तो तुकडा गेला तेव्हा सोळावा हिस्सा गेला. पाव मिलिग्रॅमवर आल्यावर तोच तुकडा म्हणजे चौथा हिस्सा. शेवटच्या टप्प्यात भिंतीवरच्या मुंग्या का वाढल्या आणि सबंध सकाळभर खिडकीकडे का बघवत नव्हते, ते या हिशेबाने कळले. तिथे आम्ही आठ आठ आठवडे थांबलो. सगळे मिळून दीड वर्षाहून थोडे अधिक लागले.

या दीड वर्षात डोळ्यांशी जुळवून कसे घेतले हे जरा सविस्तर लिहिते, कारण हेच मला कुठे वाचायला मिळाले नाही.

सुरुवातीला मी घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसायची. बरे वाटायचे, म्हणून अधिक वेळ लावायची आणि काढला की उजेड आधीपेक्षा जास्त बोचायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच ते थांबवले. सतत काळोखात ठेवले की डोळे काळोखाला सरावतात आणि साध्या उजेडालाही भितात, असे त्यांचे म्हणणे. उन्हात काळा चष्मा आणि रुंद कडेची टोपी, घरात मात्र नाही. मी पडदे एकदम न उघडता रोज वितीवितीने उघडत गेले. डोक्यावरची ट्यूब बंद करून पाठीमागून येणारा पिवळसर दिवा घेतला. चकचकीत कागदावरची प्रुफे परत केली आणि मळकट, खरखरीत कागदावर मागून घेतली.

ओळी हलायच्या त्यावर उपाय माझ्या जुन्या धंद्यातलाच निघाला. एका जाड राखाडी पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापली. वेलांटीला आणि उकाराला जागा हवी म्हणून ती मापापेक्षा किंचित उंच ठेवली. पुठ्ठा ओळीवर ठेवला की आजूबाजूची सळसळ झाकली जायची आणि एकच ओळ उरायची, ती निमूट उभी राहायची. सुरुवातीला एका वेळी सात ओळी झेपायच्या. सात ओळी, मग डोळे मिटून पन्नास आकडे, मग पुन्हा सात. ज्या दिवशी वीस ओळी झाल्या त्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या मागे तारीख घातली. धाकटी बहीण संध्याकाळी यायची आणि मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची, मी प्रुफावर बोट ठेवून ऐकायची. छापखान्यात पूर्वी आम्ही असेच दोघे दोघे बसायचो.

डोळे कोरडे पडल्याचेही निदान झाले. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी पाच मिनिटे लावून अश्रू मोजतात, निरोगी डोळ्यात ती साधारण दहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजते. माझी चार भिजली. अश्रूंचा थर तुटक झाला की चष्म्याचा नंबरही सकाळ-संध्याकाळ वेगळा लागतो. मी चार महिन्यांत दोन चष्मे करून बसले होते आणि दोन्ही आता कपाटात आहेत. नंबर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका, हे आधी कळले असते तर बरे झाले असते. संरक्षक रसायन नसलेले अश्रूंचे थेंब आणि आठवणीने पापण्या मिटणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडला. मोबाइल-संगणकाच्या पडद्याकडे बघताना पापण्या मिटण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, त्यामुळे मोबाइल हा त्या काळातला सर्वांत मोठा शत्रू. वाहन चालवणे मी आपणहून बंद केले. जिन्याची शेवटची पायरी फसायची म्हणून तिच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली.

आता सर्वांत महत्त्वाचे. गोळी पूर्ण सुटण्याच्या तीन महिने आधी एका संध्याकाळी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकावी तसे होऊ लागले. सकाळी त्याच डोळ्यापुढे काजळीचे कण उधळल्यासारखे काळे ठिपके. मी म्हटले, गोळीचेच असणार, आणखी एक. इतक्या खेपा रिकाम्या हाताने परतल्यावर पुन्हा कुणापुढे जायची लाज वाटत होती. बहीण म्हणाली, "ताई, मुंग्या तुला दोन्ही डोळ्यांना दिसतात ना? मग हे एकाच डोळ्याला कसे?" तिने मला हाताने एक डोळा झाकून बघायला लावले, मग दुसरा. विजा फक्त उजव्या डोळ्यात होत्या. त्याच दिवशी गेलो. थेंब घालून बाहुली मोठी करून पाहिले तर पडद्याला चीर होती. तासाभरात लेझर करून ती बंद केली. आणखी काही दिवस गेले असते तर पडदा सुटला असता, असे डॉक्टर म्हणाले.

म्हणून गोळी कमी करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनवणी आहे. सुरुवात करण्यापूर्वीच एकदा डोळे पूर्ण तपासून घ्या, म्हणजे पुढे तुलना करता येते. आणि एकाच डोळ्याला अचानक कमी दिसले, विजा आणि ठिपक्यांचा लोंढा आला, पडदा ओढल्यासारखी सावली आली, डोळा लाल होऊन ठणकू लागला आणि दिव्याभोवती वलये दिसू लागली, किंवा दोन दोन दिसण्याबरोबर बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला, तर त्याचे खापर गोळीवर फोडून घरी बसू नका. त्याच दिवशी जा. स्टिरॉइड कमी करणाऱ्यांनी तर दिसण्यातला कोणताही फरक तातडीने सांगावा, कारण ज्या आजारासाठी ते औषध दिले होते तोच डोळ्यांत परतत असण्याची शक्यता असते.

इतर गोळ्यांचीही हीच कथा आहे. माझ्या एका सहकारी बाईंची नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन कमी होत होती. नजर डावीकडून उजवीकडे नेली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे व्हायचे. ओळ संपवून दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला डोळे आणणे हेच त्यांच्या कामातले सर्वांत मोठे दुखणे झाले होते. त्या ते कुणाला सांगत नव्हत्या. मी माझे सांगितले तेव्हा त्यांनी त्यांचे सांगितले.

डॉक्टर मंडळींकडे माझे मागणे फार नाही. गोळी लिहून देताना ती किती दिवसांसाठी हे लिहा. कमी करायला घ्याल तेव्हा डोळ्यांनाही असे होऊ शकते हे एका वाक्यात सांगा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी, तपासणीत काही सापडले नाही तर, "कोणती गोळी हल्ली बंद केलीत का?" एवढे विचारावे. विचारायला क्षणही लागत नाही.

शेवटचा तुकडा घेतला त्याला आता चौदा महिने झाले. शब्द परत आले आहेत. संधिप्रकाशात भिंतीवर मुंग्या अजून दिसतात, पण विरळ. दुपारी खिडकी सताड उघडी असते. पुठ्ठा टेबलावरच आहे, थकले की घेते. हे पत्र मी स्वतः लिहून स्वतः तपासले आहे.

आपल्याकडे मात्र एक विनंती आहे, आणि ती मुद्रितशोधक म्हणून करते. आपल्या आरोग्य पुरवणीत महत्त्वाच्या सूचना गडद निळ्या किंवा लाल चौकटीत पांढऱ्या बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. ज्यांचे डोळे उजेडाने दिपतात त्यांना ती पांढरी अक्षरे एकमेकांत विरघळलेली दिसतात. गेल्या लेखातली 'त्वरित डॉक्टरांना भेटा' ही चौकट मला बहिणीकडून वाचून घ्यावी लागली. ती चौकट यापुढे पांढऱ्यावर काळी छापावी, टाइप दोन पॉइंटांनी वाढवावा आणि ओळींमध्ये थोडी जागा सोडावी.

आपली नम्र,
एक मुद्रितशोधक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)